नमस्कार नेमका कोणाला?



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, चौथा स्कंध, तिसरा अध्याय. सतीला माहेरच्या यज्ञाला जायचंय, आमंत्रण नाहीये, आणि महादेव तिला समजावतायत. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण या अध्यायातला बाविसावा श्लोक मी याआधी दोनदा तरी वाचून सरळ पुढे गेले होते, आणि या वेळी तिथेच अडकले. अडकायचं कारण बँकॉकमधली एक लिफ्ट आहे. त्यामुळे आज नेहमीपेक्षा जरा लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

आधी संदर्भ. दुसऱ्या अध्यायात प्रजापतींच्या सत्रात दक्ष येतो. सगळी सभा उठून उभी राहते. ब्रह्मदेव आणि महादेव हे दोघंच बसून राहतात. ब्रह्मदेव दक्षाचे वडील, त्यांचं ठीक आहे. पण महादेव जावई! सासरा आला तर जावयाने उठायला नको? दक्षाचा पारा चढतो, भर सभेत तोंडाला येईल ते बोलतो, शाप देतो आणि तरातरा निघून जातो. पुढचं सगळं त्या एका न मिळालेल्या नमस्कारातून घडतं. सतीचा देह जातो, यज्ञ उधळला जातो, दक्षाच्या धडावर बोकडाचं डोकं बसतं.

आणि आता तिसऱ्या अध्यायात महादेव सतीला जे सांगतात त्याचा भाव साधारण असा: समोरचा आला की उठावं, नम्र व्हावं, अभिवादन करावं, हे सज्जन लोक एकमेकांशी करतातच. पण जे जाणते आहेत ते हे मनाने करतात, आणि हृदयाच्या गुहेत राहणाऱ्या त्या परमपुरुषाला करतात. देहाचा अभिमान मिरवणाऱ्याला नाही.

खरं सांगू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, वा, काय छान सोय आहे! लग्नकार्यात नको त्या काकांच्या पाया पडायची वेळ आली की "मी मनातून केला नमस्कार" म्हणून सटकता येईल. बरेचदा सटकलेही आहे.

आता लिफ्ट.

मागच्या वर्षी कंपनीने मला 8 महिन्यांसाठी बँकॉकला पाठवलं. ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी मुलगी माझ्याहून 6 वर्षांनी मोठी. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण तिने ओळख झाल्या झाल्या वयच विचारलं. मला जरा ते आगाऊपणाचं वाटलं. मग कळलं की तिथे वय माहीत असल्याशिवाय बोलणंच सुरू होत नाही. मोठा असेल तर 'फी', म्हणजे ताई किंवा दादा, आणि धाकटा असेल तर 'नोंग'. (फी शाळेची नव्हे, ओठ मिटून म्हणायचा फळातला फ.) आपल्याकडेही आजी-आजोबांच्या पिढीत हे असंच होतं की. आपण कॉर्पोरेटमध्ये आलो आणि सगळ्यांना पहिल्या नावाने हाका मारायला लागलो. तर त्या दिवसापासून ती माझी फी झाली आणि मी तिची नोंग, आणि मला सगळ्या गोष्टी शिकवायचा अधिकार आपोआप तिच्याकडे गेला.

पहिला धडा अर्थातच 'वाय'. हात जोडून करायचा थाई नमस्कार. इंग्रजीत लिहिला तर कृष्णाकाठच्या आपल्या वाईसारखाच दिसतो, म्हणून मला उगाच माहेरचा वाटायचा. मी म्हटलं, यात शिकायचं काय, आम्ही जन्मापासून हात जोडतोय! फी हसली. म्हणाली, "दाखव बघू." मी दाखवला. ती म्हणाली, "हा कोणाला केलास?"

मला प्रश्नच कळला नाही.

मग तिने उलगडून सांगितलं. तळवे एकमेकांवर आपटायचे नाहीत, कमळाच्या कळीसारखे जुळवायचे, आत थोडी पोकळी ठेवून. कोपरं पसरायची नाहीत. हात कुठे न्यायचे ते समोर कोण आहे त्यावर. भिक्षू असतील तर अंगठे दोन्ही भुवयांच्या मध्ये आणि बोटांची टोकं केसांच्या रेषेला. आई-वडील, आजी-आजोबा, शिक्षक असतील तर अंगठे नाकाच्या शेंड्याशी, बोटं भुवयांच्या मध्ये. एरवीच्या मोठ्या माणसांना अंगठे हनुवटीशी, बोटं नाकाशी. बरोबरीच्यांना छातीपाशी. आणि मान हातांपर्यंत खाली आणायची, हात मानेपर्यंत नुसते वर चढवायचे नाहीत. धाकट्याने आधी करायचा, मोठ्याने परत करायचा. परत करण्यालाही वेगळं नाव आहे, 'राप वाय', म्हणजे वाय स्वीकारणं. लहान मुलांना, दुकानातल्या, हॉटेलातल्या कर्मचाऱ्यांना आपण होऊन करायचा नाही. त्यांनी केला तर हसून मान हलवली तरी पुरते.

सोबत तोंडाने 'सवात्दी', आणि बाईने शेवटी 'खा' जोडायचं, पुरुषाने 'क्रब'. सगळ्यांना दिवसभर खा खा म्हणत फिरायचं, याची मला पहिले आठ दिवस फार गंमत वाटली. हा सवात्दी म्हणजे आपला 'स्वस्ति'. वाटतो हजार वर्षांचा, पण आहे अगदी अलीकडचा. चुलालाँगकॉर्न विद्यापीठातले भाषेचे शिक्षक फ्राया उपाकित सिल्पासान यांनी संस्कृतवरून तो घडवला, आणि 1943 च्या जानेवारीत फिबून सरकारने तो देशाचं अधिकृत अभिवादन म्हणून लागू केला. त्याआधी लोक भेटले की विचारायचे, कुठून आलात, कुठे निघालात. किंवा, जेवलात का? हे दुसरं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हात जोडणं तिथे हवेतच आहे. रस्त्याकडेच्या छोट्या देवघरांपुढून जाताना लोक हात जोडतात. मॅकडोनाल्ड्सच्या दारातला तो जोकरसुद्धा हात जोडून उभा असतो. माझा मोटारसायकल टॅक्सीवाला एरावानच्या ब्रह्मदेवापुढून जाताना हँडलवरचा एक हात तरी वर न्यायचाच, आणि मी मागे बसून रामरक्षा सुरू करायचे.

पण त्या पायऱ्या मला पटेनात. मन घट्ट झालं. याला एक कारण आहे, आणि ते फीला सांगायला मला लाज वाटली. तुम्हाला सांगते. माझी आजी गावच्या जुन्या गोष्टी सांगायची, त्यात एक ठरलेली असायची. आमच्या पणजोबांच्या ओट्यासमोरून काही माणसं जाताना लांबूनच वाकून 'जोहार' घालायची आणि पणजोबा नुसती मान हलवायचे. आजी हे अभिमानाने सांगायची. मी कॉलेजात गेल्यावर मला कळलं की तो जोहार कोणाला घालावा लागायचा आणि का, आणि त्याच माणसांच्या नातवंडांनी 'जय भीम' म्हणायला लागणं म्हणजे काय होतं. त्यानंतर मला नमस्काराच्या पायऱ्या म्हटलं की तो ओटाच दिसतो. कोणी किती वाकायचं आणि कोणी नुसती मान हलवायची. मी ठरवून टाकलं होतं: देव सगळ्यांत सारखा, तर माझा नमस्कारही सगळ्यांना सारखा. भागवतातच अकराव्या स्कंधात भगवान उद्धवाला सांगतात ना, की कुत्रा, चांडाळ, गाय, गाढव सगळ्यांपुढे दंडवत घालावा. मग मी हात हनुवटीशी नेऊ की नाकाशी, हे मोजत बसू?

तर तिसऱ्या आठवड्यात, मी राहायचे त्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि समोर साफसफाई करणाऱ्या मावशी होत्या. पन्नाशी उलटलेल्या, हातात मॉप, शेजारी बादली. रोज मान खाली घालून बाजूला व्हायच्या. मला वाटलं, आज. मी पर्स खाली ठेवली, हात जोडले, अंगठे भुवयांच्या मध्ये, गुडघा थोडा वाकवला, मान पूर्ण खाली. सगळ्यात वरची पायरी. मनात म्हटलं, हा आतल्या पांडुरंगाला.

वर पाहिलं तर बाई घाबरल्या होत्या. मॉप भिंतीला टेकवला, तो घसरून पडला, तो उचलू की हात जोडू असं झालं, मग कमरेतून पार वाकून हात कपाळाच्याही वर नेऊन त्यांनी काहीतरी भराभर म्हटलं आणि भिंतीला अशा चिकटल्या की जणू भिंतीतच शिरतील. मी हसले, त्याही हसल्या. पण ते हसू बरं नव्हतं.

मी खोलीत येऊन डायरीत लिहिलं की आज खऱ्या अर्थाने समदर्शन अनुभवलं. तारीखही घातली आहे. ते पान अजून आहे, फाडलेलं नाही.

त्यानंतर त्या मला दिसेनात. एकदा लिफ्टमधून बाहेर आले तर बादली मधोमध, पाणी अजून हलतंय, आणि जिन्याचं दार नुकतंच बंद होतंय.

फीला सांगितलं तर तिने डोक्याला हात लावला. "अगं नोंग, तो भिक्षूंना करायचा वाय! तू तिला भिक्षूच्या जागी नेऊन बसवलंस. आता तिने तुला काय करायचा? त्याच्या वर पायरीच नाही. वाय परत तर करावाच लागतो, आणि तिला तर तुझ्याहून वरचा करायचा असतो. म्हणजे तिने जमिनीवर पडायचं होतं का? आणि तिचा सुपरवायझर तिथे असता तर?"

मी वाद घातला. म्हटलं, "पण माझ्यासाठी ती आणि भिक्षू सारखेच आहेत."

"तुझ्यासाठी," फी म्हणाली. "तिच्यासाठी नाहीत ना."

थाई भाषेत एक शब्द आहे, 'क्रेंग चाय'. इंग्रजीत सांगताना लोक चार वाक्यं खर्च करतात, मराठीत एकच शब्द पुरतो: भीड. आपल्यामुळे कोणाला अवघडायला होऊ नये, कोणावर ओझं पडू नये, ही धास्ती. फीच्या मते मी त्या मावशींना आदर दिलाच नव्हता, मी त्यांच्यावर ओझं टाकलं होतं. आणि भिडेखातर त्यांनी ते उचललं.

मी तेव्हा गप्प बसले, पण पटलं होतं असं नाही. मला आठवत होती वारी. तिथे अनोळखी माणूस दुसऱ्या अनोळखी माणसाच्या पायाला हात लावतो, तोही लगेच लावतो, दोघं एकमेकांना माउली म्हणतात. वय नाही, जात नाही, पगार नाही. तिथे कोणी भिंतीला चिकटत नाही. मग तिथे जमतं ते लिफ्टपाशी का जमू नये? याचं उत्तर मला बऱ्याच दिवसांनी सुचलं, आणि ते फार साधं आहे. तिथे दोघांनाही ती भाषा येते. दोघं घरून ठरवून निघालेले असतात की आता तू माउली, मीही माउली. लिफ्टपाशी मी एकटीने ठरवलं होतं. माझ्या भाषेत मी समतेचं वाक्य बोलले, आणि तिच्या भाषेत त्याचा अर्थ झाला, आता ही बया माझ्याकडून काय मागतेय?

लहान मुलाचीही एक गंमत झाली. फीच्या घरी जेवायला गेले, तिचा पाच वर्षांचा मुलगा समोर आला आणि तिने "कर, मावशीला वाय कर" म्हणायच्या आत मीच लाडात येऊन त्याला हात जोडले. फीच्या आईने चटकन त्याला जवळ ओढला. मोठ्यांनी आधी हात जोडले तर लहानाचं आयुष्य कमी होतं म्हणे. थाईमध्येही शब्द 'आयु'च आहे. आजी लगेच हसल्या, मला वाढलंही भरपूर, पण त्या एका क्षणात त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. आमच्याकडे कोणी तीन पोळ्या वाढल्या की माझ्या आजीच्या चेहऱ्यावर तेच यायचं.

नंतर एका रविवारी फी मला तिच्या नेहमीच्या विहारात घेऊन गेली. तिथे गुडघे, हात आणि कपाळ अशी पाच अंगं जमिनीला टेकवून तीनदा नमस्कार करतात. आपलं साष्टांग, त्यांचं पंचांग, असं मी लक्षात ठेवलं. एक वृद्ध भिक्षू बसले होते. मी या वेळी अगदी अचूक पायरीचा वाय केला. अंगठे, बोटं, मान, सगळं जागच्या जागी. आणि थांबले. त्यांनी पाहिलं, काहीतरी हलकं पुटपुटले, आणि पुन्हा समोरच्या पुस्तकात बघायला लागले. हात जोडले नाहीत.

मला ठाऊक होतं की भिक्षू गृहस्थांना वाय परत करत नाहीत. स्वतःच्या आईला करत नाहीत, राजालाही करत नाहीत. फीने येताना टॅक्सीत सांगितलं होतं. तरीसुद्धा आत काहीतरी टोचलं. एवढा नीट केला होता मी!

गेले काही आठवडे अख्खं शहर मला हात जोडत होतं. रिसेप्शनवाली, कॉफीवाली, ऑफिसचा सुरक्षारक्षक, बँकेतला मुलगा. त्यातला एकही नमस्कार मला आज नीट आठवत नाही. आठवतो तो एक न झालेला. आणि परवा दुसरा अध्याय वाचताना मी थबकले ते यामुळे. दक्ष आला तेव्हा अख्खी सभा उभी राहिली होती. ऋषी, देव, अग्नी, सगळे. त्याने पाहिलं कोणाला? बसलेल्या एकाला. दक्ष म्हटला की मी कायम कोणीतरी खडूस सासरा डोळ्यांसमोर आणायचे. विहारात पाय मुडपून बसलेली, मराठी बोलणारी, तुळशीची माळ घातलेली दक्ष मी कधी पाहिली नव्हती.

परत येताना मी फीकडे पायऱ्यांची तक्रार काढलीच. जोहाराचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आमच्याकडेही लोक पैसा बघून, हुद्दा बघून जास्त वाकतात, ते मी नाही म्हणत नाही. पण तुला उपालीची गोष्ट माहीत आहे का?

मला नव्हती. विनयपिटकात, चुल्लवग्गात आहे. शाक्य कुळातले राजकुमार, अनुरुद्ध, भद्दिय, आनंद वगैरे, घर सोडून बुद्धांकडे दीक्षा घ्यायला निघाले. सोबत त्यांचा न्हावी उपाली. त्यांनी दागिने उतरवून त्याला दिले आणि परत पाठवलं. तो थोडा गेला, दागिने झाडाला टांगले आणि मागे फिरला. मलाही यायचंय म्हणाला. मग ते राजकुमार बुद्धांना म्हणाले, आम्ही शाक्य फार गर्विष्ठ आहोत. याला आमच्या आधी दीक्षा द्या. संघात जो आधी आला तो मोठा, मग वय, कुळ काही का असेना. म्हणजे यापुढे आयुष्यभर आम्हाला आमच्या न्हाव्यापुढे उठून उभं राहावं लागेल, हात जोडावे लागतील.

मला ही गोष्ट अजून सोडत नाही. त्यांनी पायऱ्या मोडल्या नाहीत. शिडी तशीच ठेवली आणि स्वतः खालच्या पायरीवर उतरले. आणि उपालीला ती भाषा येत होती, संघातल्या प्रत्येकाला येत होती. तिथे त्याला भिंतीला चिकटावं लागलं नाही. थायलंडमध्ये मुलगा भिक्षू झाला की ज्या आईने त्याला न्हाऊमाखू घातलं ती त्याच्यापुढे हात जोडून बसते, हे मी त्याच विहारात पाहिलं. वीस-एकवीस वर्षांचं पोर, डोकं नुकतंच भादरलेलं, आणि आई रडत नमस्कार करतेय. जन्माच्या शिडीवर हे बसत नाही.

पण म्हणून माझा ओटा पुसला जातो असं नाही. तेही लिहून ठेवते.

मग फीने विचारलं, "तुमच्या शाळेत 'थित होक' नव्हतं?" त्यांच्या शाळेत असतं. थित म्हणजे दिशा, होक म्हणजे सहा. दीघनिकायातलं सिगालोवाद सुत्त. राजगृहात एक तरुण, सिगाल, सकाळी ओलेत्याने, ओल्या केसांनी, हात जोडून सहा दिशांना नमस्कार करत असतो. वडील मरताना सांगून गेले म्हणून. बुद्ध त्याला विचारतात, काय चाललंय? आणि सांगतात की दिशांना नमस्कार असा नसतो. पूर्व म्हणजे आई-वडील. दक्षिण म्हणजे शिक्षक. पश्चिम म्हणजे बायको-मुलं. उत्तर म्हणजे मित्र. वरची दिशा म्हणजे श्रमण आणि ब्राह्मण. आणि खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसं.

मी लगेच फोनवर शोधून वाचलं, कारण मला बघायचं होतं की खालच्या दिशेला हात कुठपर्यंत न्यायचे. तिथे हातांचं काही नव्हतंच. पाच गोष्टी होत्या. ताकद बघून काम द्यावं. जेवण आणि मजुरी द्यावी. आजारी पडले तर सेवा करावी. घरात काही खास आलं तर त्यातलं द्यावं. आणि वेळेवर सुट्टी द्यावी.

मी वाचता वाचता तिसऱ्यावर थांबले. आजारी पडले तर.

आता हे लिहायला मला अजिबात आवडत नाहीये. पुण्यात आम्ही तिघी फ्लॅटवर राहायचो. मावशी यायच्या, केर-फरशी आणि भांडी, महिन्याला 3,200 रुपये. त्या पावसाळ्यात त्यांना टायफॉइड झाला, 11 दिवस आल्या नाहीत. हिशोब माझ्याकडे असायचा. दिवसाचे 106 रुपये, वरचे पैसे मी सोडून दिले, तेवढाच माझा मोठेपणा. खाड्यांचे 1,166 रुपये कापले. कोणी काही म्हटलं नाही. मावशीही नाही. सगळेच कापतात.

आणि त्याच वर्षी पाडव्याला मी त्यांना साडी दिली आणि त्यांच्या पाया पडले. मैत्रिणीने फोटो काढला. मी तो स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, घटाघटांत तोच. मावशींनी झटकन पाय मागे घेतले होते. "अहो ताई, काय करताय!" फोटोत त्यांचे पाय हललेले, धूसर आलेत. तेव्हा ते मला किती गोड वाटलं होतं. बँकॉकच्या टॅक्सीत, हातात फोन, मला त्या धूसर पायांच्या जागी भिंतीला चिकटलेली बाई दिसली.

त्या रात्री मावशींना फोन लावला. म्हटलं, "मावशी, ते तापाच्या वेळचे पैसे..."

"कुठले पैसे ताई?"

"खाड्यांचे. कापलेले."

पलीकडे शांत. मग म्हणाल्या, "असू दे ओ. तेव्हाचं तेव्हा गेलं." आणि मग, बोलायचं म्हणून, की तेव्हा औषधाला खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून उसने घेतले होते, ते फेडता फेडता दिवाळी झाली. तक्रार नव्हती आवाजात. माहिती दिल्यासारखं बोलल्या. माझ्या डोक्यात मात्र पाडव्याचा फोटो.

मुलाच्या नंबरवर पैसे पाठवले. त्याचा मेसेज आला, "आले." एवढाच. मी पुढे अर्धा तास फोन बघत बसले होते, की अजून काही येईल. बघा, परत दक्ष.

तर बाविसावा श्लोक. "मनाने करतात" याचा अर्थ मी 'बाहेरून नाही केला तरी चालतो' असा घेत होते. आता तसा वाचता येत नाही. मनाने केलेला नमस्कार कोणाला दिसत नाही, त्याचा फोटो निघत नाही, आणि तो परत मिळाला का हे कळायला काही मार्ग नाही. देहाभिमानी म्हणजे फक्त समोर उभा असलेला दक्ष, असंही मी धरून चालले होते. नमस्कार करणाऱ्याचाही देह असतो, त्यालाही आपल्या वाकण्याचा अभिमान असू शकतो, हे कोणाच्या लक्षात येतं? मी त्या दिवशी लिफ्टपाशी पांडुरंगाला हात जोडले असं लिहून ठेवलंय. पांडुरंगाला जोडले असते तर बादली बाजूला केली असती, की ओल्या फरशीवरून माझ्या चपलांचे ठसे उमटवत गेले नसते. हो, तेही केलं होतं मी.

एक शंका मात्र तशीच आहे, आणि तुम्हाला काही सुचलं तर जरूर सांगा. महादेवांनी मनातून केला, मान्य. पण नुसते उठले असते तर? दोन पावलं सामोरे गेले असते, दक्षाला हवं ते दक्षाला दिलं असतं, आतला नमस्कार आत ठेवला असता, तर सती वाचली असती का? की दक्षाला आणखी काहीतरी बोचलंच असतं? मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. ज्या मोठ्या माणसापुढे वाकावंसं वाटत नाही त्याच्यापुढे मी अजूनही कधी वाकते, कधी नाही. जोहार ज्यांच्या पणजोबांनी घातला त्यांना "उठून उभं राहायला काय जातं" असं सांगायचा अधिकार मला नाही, एवढं नक्की.

लिफ्टचं राहिलं. फीने सांगितलं होतं, आपल्या आईपेक्षा मोठ्या बाईला 'पा' म्हणायचं. वाय करायला जाऊ नकोस. त्यांनी केला तर छातीपाशी परत कर. आणि बोलायचंच असेल तर जुनं विचार. मग मी रोज विचारायला लागले, "पा, किन खाव रु यांग खा?" पा, जेवलात का? पहिले काही दिवस त्या जिन्यात असतानाच उत्तर यायचं, नुसता आवाज. मग दारात उभ्या राहून. माझे सूर सगळे चुकायचे, त्या दुरुस्त करायच्या आणि मनापासून हसायच्या, या वेळचं हसू बरं होतं. फरशी ओली असली की मी लिफ्टशी थांबायचे, त्या हाताने खूण करायच्या, आता ये.

निघायच्या दिवशी माझ्या दोन मोठ्या बॅगा होत्या. त्या मजल्यावरच होत्या. त्यांनी मॉप भिंतीला नीट टेकवला, हात पुसले आणि वाय केला, हनुवटीच्याही खाली, घाईत नाही. मी परत केला. मग त्यांनी माझ्या एका बॅगेला हात घातला, मी नको नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

उद्या चौथा अध्याय. सती निघते.

राम कृष्ण हरी.